गाठी की धावदोरा?

आई इथे आली की तिला काय दाखवायचं हा एक प्रश्नच असतो. डे मॉईनच्या आसपास बघण्यासारखं म्हणजे मका, मग सोयाबीन, आणि परत मका. मागच्या खेपेला तिला विंटरसेटला घेऊन गेले. मॅडिसन काउंटीतले ते छप्पर घातलेले प्रसिद्ध लाकडी पूल दाखवले. तिने तो सिनेमा पाहिलेला नाही, त्यामुळे "बरे आहेत, पावसात थांबायला चांगले" एवढ्यावर पूल आटोपले. जॉन वेनचं जन्मघरही याच गावात आहे, पण जॉन वेन कोण हे समजावण्यातच अर्धा तास जाईल म्हणून तो नाद सोडला. शेवटी म्हटलं, कोर्टासमोरच्या चौकात गोधड्यांचं संग्रहालय आहे, बघायचं का? तर बाईसाहेब एकदम खूश.

२०१६ मध्ये सुरू झालेलं हे आयोवा क्विल्ट म्युझियम. भिंतींवर चित्रं टांगावीत तशा गोधड्या टांगलेल्या. मी आपली रंग बघत, नक्षी बघत फिरत होते. आई मात्र एका गोधडीपाशी जी थांबली ती हलेचना. हातमोजे घातलेल्या एक आजीबाई तिथे होत्या. आईने मला सांगितलं, "त्यांना विचार, मागची बाजू दाखवतील का?"

"अगं, मागे काय बघायचंय? नक्षी तर पुढे आहे."

"मागेच कळतं सगळं," आई म्हणाली.

आजीबाईंना भाषांतराची गरजच पडली नाही. त्यांनी हसत एक कोपरा उलटा करून दाखवला. आई वाकून वाकून टाके बघत राहिली आणि म्हणाली, "ही दोघीतिघींनी मिळून शिवली आहे. इथून हात बदललाय बघ."

मला खिडकीतून समोरचं कोर्ट दिसत होतं, आणि अंगावर एकदम काटा आला. का, ते सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आमच्या इथल्या वाचनालयात एका वेगळ्याच प्रकारच्या रहस्यकथा असतात. 'कोझी मिस्ट्री' म्हणतात त्यांना. छोटंसं गाव, दर आठवड्याला एकत्र जमून गोधड्या शिवणाऱ्या बायका, कॉफी, केक, एखादं मांजर, आणि पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच एक खून. पोलीस चाचपडत बसतात आणि या बायका टाके घालता घालता खुनी शोधून काढतात. अर्लीन फाउलर या लेखिकेची 'फूल्स पझल' ही कादंबरी १९९४ ची. तिच्या पुढच्या सगळ्या मालिकेत पुस्तकांची नावं म्हणजे गोधडीच्या नक्ष्यांची नावं. मीही थंडीत यातल्या बऱ्याच वाचल्या आहेत, खोटं कशाला बोलू? रक्त फारसं दिसत नाही, शेवटी सगळं जागच्या जागी येतं, झोप छान लागते.

पण या सगळ्या कादंबऱ्यांची पणजी शोभेल अशी एक छोटी एकांकिका आहे. आणि ती ज्या खऱ्या खुनावरून सुचली, त्याचा दुसरा खटला विंटरसेटच्या त्याच समोरच्या कोर्टात चालला होता.

तर ती हकीकत अशी. १ डिसेंबर १९०० ची रात्र. इंडियानोला गावाच्या परिसरातलं एक शेत. जॉन हॉसॅक हा साठीला आलेला सधन शेतकरी आपल्या बिछान्यात झोपलेला असताना कोणीतरी त्याच्या डोक्यात कुऱ्हाडीचे दोन घाव घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. त्याची बायको मार्गारेट त्याच्या शेजारी त्याच बिछान्यात होती. तिचं म्हणणं असं की, फळीवर फळी आपटावी तसा आवाज आला म्हणून मी जागी झाले, मारणाऱ्याला मी पाहिलं नाही. कुऱ्हाड घरचीच होती. लग्नाला बत्तीस वर्षं झालेली, नऊ मुलं, त्यातली पाच त्या रात्री घरात. दफनविधीच्या वेळीच शेरीफने मार्गारेटला अटक केली.

या खटल्याच्या बातम्या देणारी वार्ताहर होती चोवीस वर्षांची सुसान ग्लास्पेल. जन्म डॅवनपोर्टचा, १८९९ मध्ये ड्रेक विद्यापीठातून पदवी, आणि लगेच 'डे मॉईन डेली न्यूज'मध्ये नोकरी. तिने या प्रकरणावर पंचवीसच्या वर बातम्या लिहिल्या. सुरुवातीच्या बातम्या वाचल्या तर आजच्या वृत्तवाहिन्या बऱ्या म्हणाव्यात! ऐकीव गोष्टी, तिखटमीठ, बायको कशी दणकट आणि थंड काळजाची, वगैरे. पुढे मात्र सूर बदलत जातो. हीच मार्गारेट तिला थकलेली, म्हातारी, दीनवाणी दिसू लागते. मध्ये काय घडलं? ती वार्ताहर म्हणून त्या घरी गेली होती. घरातली बाई गावच्या तुरुंगात, आणि ही तिच्या स्वयंपाकघरात उभी. ते स्वयंपाकघर पुढे कित्येक वर्षं आपल्या डोक्यातून गेलं नाही, असं तिनेच नंतर आठवणींत लिहिलं आहे.

एप्रिल १९०१ मध्ये खटला उभा राहिला. ज्युरीतले बाराही पुरुष. (ज्युरी म्हटलं की आपल्याला नानावटी खटला आठवतो, तेच ते.) आयोवातल्या बायकांना तेव्हा मतही नव्हतं आणि ज्युरीत जागाही नव्हती. ते दोन्ही मिळायला पुढे १९२० उजाडावं लागलं.

आता या खटल्यातला पेच बघा. शेजाऱ्यांनी साक्षी दिल्या की हॉसॅकचा स्वभाव भयंकर तापट होता, घरात भांडणं व्हायची, मार्गारेटला त्याची भीती वाटायची, ती शेजाऱ्यांकडे गाऱ्हाणं घेऊन गेली होती. म्हणजे तिच्या बाजूने बोलले म्हणायचं का? छे! सरकारी वकिलाने हेच खुनाचं कारण म्हणून मांडलं. त्यामुळे तिच्या वकिलांना आणि मुलांना उलटं सिद्ध करावं लागलं, की वर्षभरापूर्वीच सगळं मिटलं होतं, घरात आनंदीआनंद होता. जे तिने बत्तीस वर्षं सोसलं असेल ते कोर्टात उच्चारण्याचीसुद्धा सोय नाही. सांगितलं तर फास, आणि नाही सांगितलं तर ही बाई भावनाशून्य!

ज्युरीने दोषी ठरवलं. जन्मठेप झाली. निकालानंतर थोड्याच दिवसांत ग्लास्पेलने पत्रकारिता सोडली आणि डॅवनपोर्टला परत जाऊन ती कथा लिहू लागली. १९०२ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पुरावा म्हणून आणलेल्या केसांवर न्यायालयाचा आक्षेप होता, शिवाय त्या जुन्या, मिटलेल्या भांडणांचा प्रश्न होताच. मग १९०३ मध्ये विंटरसेटला दुसरा खटला झाला. नऊ जण दोषी म्हणाले, तिघे नाही म्हणाले. एकमत झालं नाही आणि मार्गारेट घरी गेली. पुन्हा खटला झाला नाही. खून कोणी केला हे कायद्याने आजतागायत ठरलेलं नाही.

इथे एखाद्या कोझी कादंबरीचा वाचक पुस्तक भिरकावून देईल! पण गोष्ट संपलेली नाही.

तेरा वर्षांनी, १९१६ च्या उन्हाळ्यात, ग्लास्पेल मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउन या गावी होती. तिथे तिने, तिच्या नवऱ्याने आणि मित्रमंडळींनी धक्क्यावरच्या एका जुन्या शेडमध्ये नाटकं सुरू केली होती. युजीन ओनीलचं पहिलं नाटक तिथेच त्याच उन्हाळ्यात झालं. नवऱ्याने हिचं नाटक परस्पर जाहीर करून टाकलं. (हे नवरे!) नाटक लिहिलेलंच नव्हतं. मग ती रिकाम्या रंगमंचासमोर जाऊन बसली, आणि बघता बघता तिला तिथे ते स्वयंपाकघर दिसायला लागलं. 'ट्रायफल्स', म्हणजे क्षुल्लक गोष्टी, या एकांकिकेचा जन्म असा झाला. ऑगस्टमध्ये पहिला प्रयोग झाला आणि त्यात तिने स्वतः कामही केलं. पुढच्याच वर्षी तिने त्याची कथा लिहिली. तिच्या नावाचा अर्थ 'तिच्या बरोबरीच्यांची ज्युरी'.

मी ही एकांकिका एम.ए.ला अभ्यासाला होती म्हणून वाचली होती. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जॉन राईट नावाच्या शेतकऱ्याला झोपेत गळ्याला दोरी आवळून मारलंय. बायको मिनी तुरुंगात. शेरीफ, सरकारी वकील आणि एक शेजारी पुरावा शोधायला घरात येतात. सोबत शेरीफची बायको मिसेस पीटर्स आणि शेजारीण मिसेस हेल, त्या मिनीचे कपडे न्यायला आल्यात. पुरुष वर झोपायच्या खोलीत आणि बाहेर गोठ्यात शोधत बसतात. बायका आपल्या स्वयंपाकघरात.

तिथे त्यांना मिनीची अर्धवट गोधडी सापडते. 'लॉग केबिन' नक्षीची. मध्ये एक चौकोन, बहुतेकदा लाल, चुलीतल्या विस्तवाची खूण म्हणून, आणि त्याभोवती ओंडके रचावेत तशा कापडाच्या पट्ट्या. म्हणजे नक्षीच घराची! दोघी बोलत असतात की ही आता तिन्ही थर जोडायला सबंध धावदोरा घालणार होती, की ठरावीक अंतरावर नुसत्या गाठी मारणार होती. नेमके तेव्हा पुरुष आत येतात आणि या गहन चर्चेवर मनसोक्त हसतात.

ते गेल्यावर त्यांना दिसतं की सगळे टाके सुबक, एकसारखे आहेत, पण शेवटच्या तुकड्यात सगळा गोंधळ. वेडेवाकडे, कुठेही कसेही घातलेले. मिसेस हेल काही न बोलता ते टाके उसवते आणि नीट घालायला लागते. मग सापडतो दार मोडलेला पक्ष्याचा पिंजरा. मग शिवणाच्या डब्यात रेशमी कापडात जपून गुंडाळलेली, मान पिरगाळलेली कॅनरी. मिनी लग्नाआधी छान गायची. पुढचं दोघींना न बोलता कळतं. त्या डबी लपवतात. वकील जाता जाता थट्टेने गोधडीचं विचारतो, तेव्हा मिसेस हेल सांगते की ती गाठी मारणार होती. नाटक संपतं.

खऱ्या खुनात कुऱ्हाड होती. ग्लास्पेलने कुऱ्हाडीची दोरी केली, कारण दोरीला गाठ लागते.

यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. दोघींनी केलं ते न्याय्य की अन्याय्य, यावर कायद्याच्या वर्गातही वाद घालतात म्हणे. आमच्याही वर्गात झाला होता. मी तेव्हा तावातावाने त्या दोघींच्या बाजूने बोलले होते. आज मला तेवढी खात्री नाही. झोपलेल्या माणसाचा जीव घेतला गेला, हे कुठल्याही गोधडीखाली झाकता येत नाही. पण आता मला दुसरंच एक वाक्यांमधलं दुखणं जास्त जाणवतं. मिसेस हेल शेजारी राहते. आणि वर्षाहून अधिक काळ ती त्या घरी फिरकलेली नाही. का, तर ते घर उदासवाणं होतं म्हणून. सगळं नाटकभर ती स्वतःला तेच बोल लावत राहते, आपण यायला हवं होतं. तिच्या लेखी हाही गुन्हाच, आणि त्याची चौकशी करायला कोणी येणार नाही.

त्या कोझी कादंबऱ्यांमध्ये शिवणाऱ्या बायकांचं मंडळ असतं, म्हणून त्या उबदार वाटतात. पण ज्या नाटकाशी त्यांचं नातं लागतं, त्यात मंडळच नाही. मिनी एकटी शिवत होती. चार जणी त्या गोधडीभोवती बसल्या असत्या तर टाके बिघडलेले त्याच दुपारी कोणाच्या तरी लक्षात आले असते. खून होईपर्यंत थांबावं लागलं नसतं. मार्गारेट हॉसॅकचं तर त्याहून वाईट. तिने शेजाऱ्यांना सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं, आणि पुढे साक्षीत वापरलं.

परतताना गाडीत मी आईला ही सगळी गोष्ट सांगितली. ती बराच वेळ बाहेरचा मका बघत होती. मग म्हणाली, "आमच्या आळीत दुपारी वाकळ पसरली की आम्ही चारी बाजूंनी बसायचो. एक जण यायची, टाका असा बारीक, मापून घातल्यासारखा. मग यायची बंद झाली. आम्ही म्हटलं, असेल घरचं काम."

"मग?"

"मग काही नाही. त्यांनी बिऱ्हाड हलवलं. कुठे गेले कोणाला ठाऊक." थोड्या वेळाने म्हणाली, "शेवटी शेवटी तिचे टाके मोठे पडत होते. मी बघितलं होतं. मी ते उसवून परत घातले, वाकळ चांगली दिसावी म्हणून. पण तिला विचारलं नाही."

याला चाळीसेक वर्षं झाली असतील. आईने हे मला यापूर्वी कधीच सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर मी तिने मला लग्नात दिलेली वाकळ काढली आणि पहिल्यांदाच उलटी करून पाहिली. सगळे टाके एकसारखे आहेत. मधे एका कोपऱ्यात हात बदललाय. आईला विचारलं, हा कोणाचा? तर म्हणाली, "शेजारच्या काकूंचा. त्या दिवशी माझा हात दुखत होता, त्यांनी न विचारताच सुई घेतली."