उशीचा अभ्रा आणि घरातली अहिंसा



दिवाळीच्या आधी गाद्या-उशा उन्हात टाकायचे दिवस आले की जुने अभ्रे बाद होतात आणि नवे लागतात. बाजारात दोन अभ्र्यांची जोडी स्वस्तात मिळते. मग घरी शिवायचा खटाटोप कशाला, असं अनेकजणी विचारतात. हौस आहे, हे उत्तर खरंच आहे, पण ते अपुरं आहे. अभ्र्याचं कापड, त्यावरचा दोरा आणि आतला कापूस या तिन्हींना इतिहास आहे. घरात काय येऊ द्यायचं आणि काय नाही, हे आपल्या घरातल्या बायकांनी कसं ठरवत आणलं, ते त्या इतिहासातून दिसतं.

आधी शब्द पाहू. ‘उशी’ हा शब्द संस्कृत ‘उच्छीर्षक’ आणि प्राकृत ‘उस्सीस’ यांवरून आला. ज्यावर शीर्ष उंच राहतं ती उशी. आपल्या आचार्यांनी ज्या प्राकृतात ग्रंथ लिहिले, त्याच प्राकृतातून हा शब्द घरात आलेला आहे. ‘अभ्रा’ मात्र फारसीतला. फारसीत ‘अब्रा’ म्हणजे दुहेरी कपड्याचा वरचा पदर आणि ‘अस्तर’ म्हणजे आतला. ‘तक्क्या’ही फारसीच. म्हणजे डोकं टेकायची वस्तू आपली जुनीच, तिच्यावर चढवायच्या कापडाचं नाव मात्र दख्खनच्या सुलतानी काळातल्या फारसी वळणाचं. आपल्या बोलण्यात दोन्ही शब्द सुखाने शेजारी बसले आहेत.

आता शास्त्राकडे येऊ. दिगंबर मुनींच्या 28 मूलगुणांत एक गुण क्षितिशयन आहे. जमीन, फळी किंवा चटई, आणि उशीच्या जागी स्वतःचा हात. म्हणजे ज्यांच्यापुढे आपण मस्तक टेकवतो, त्यांच्या मस्तकाखाली उशी नसते. ‘मूलाचारा’त बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार मोजले आहेत, त्यांत जमीन, घर, धन, धान्य यांच्या पंक्तीला शयन-आसनही आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहपरिमाणाच्या अतिचारांत ‘कुप्य’ येतं. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ उलगडताना तागाचं, कापसाचं आणि रेशमाचं कापड सांगितलं आहे. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोग-उपभोगाची मर्यादा घालायच्या गोष्टींत शयन आणि वस्त्र दोन्ही आहेत. म्हणजे उशी आणि अभ्रा या शास्त्राने मोजलेल्या वस्तू आहेत. श्रावकाला उशी वर्ज्य नाही, पण त्याने ती मोजायची आहे. किती आणि कशाची, हे दोन प्रश्न तिथूनच सुरू होतात.

‘कशाची’ हा प्रश्न आधी आतल्या भरावाला लागतो. युरोपात श्रीमंताची उशी बदकाच्या, हंसाच्या पिसांची. आपल्याकडे ती कल्पनाच नको. आपल्याकडे उशीत कापूस किंवा सावरीचा कापूस. सावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटतात आणि आतला रेशमासारखा मऊ तंतू वाऱ्यावर उडतो. तो गुळगुळीत असल्याने त्याचं नीट सूत निघत नाही, म्हणून तो उशीतच जातो. साधा कापूस दबून त्याचे गोळे झाले की पिंजारी यायचा. कापूस पिंजून पुन्हा मोकळा व्हायचा आणि खोळीत भरला जायचा. उशी टाकून द्यायची गोष्टच नव्हती. अभ्रा त्यासाठीच, की तेल-घाम आतल्या कापसापर्यंत पोचू नये आणि उशी वर्षानुवर्षं टिकावी. एका वस्तूचं आयुष्य वाढवणारी वस्तू, असं अभ्र्याचं खरं काम आहे.

दुसरा प्रश्न कापडाचा, आणि तिथे मोठी अडचण आली ती गिरण्यांच्या काळात. कावसजी दावर यांनी 1854 साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे सोलापुरातही गिरण्या उभ्या राहिल्या. आमच्या दक्षिण महाराष्ट्रात विठ्ठलराव दातार यांनी 1904 साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, आणि तिथून त्या गावाचं नशीबच पालटलं. मागावर ताण्याचं सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावावी लागते. हातमागावर ती धान्याच्या पेजेची असे. गिरण्यांत मात्र सूत मऊ राहावं म्हणून खळीत जनावराची चरबी घालायची पद्धत इंग्लंडमध्ये होती आणि ती इकडेही आली. कापूस झाडाचा, पण त्याच्या अंगावर चरबी! बाहेरून पाहून कळणारही नाही.

स्वदेशीच्या आणि पुढे खादीच्या चळवळीत हा मुद्दा जैनांच्या जिव्हारी लागला. स्थानकवासी आचार्य जवाहरलालजी महाराजांनी आपल्या प्रवचनांतून खादीचा पुरस्कार केला, त्यामागे देशाइतकाच अहिंसेचाही विचार होता. इतिहासाच्या पुस्तकांत खादी स्वराज्याचं कापड म्हणून येते. आपल्या घरांत ती चरबी नसलेलं कापड म्हणूनही आली, ही बाजू फारशी कोणी सांगत नाही. दुकानात कापड हाताने चोळून, ‘खळ कशाची?’ असा प्रश्न विचारायला लागतो, तेव्हा धर्म दुकानाच्या गादीपर्यंत पोचलेला असतो.

तिसरा प्रश्न दोऱ्याचा. भरतकामाच्या दोऱ्याला आपण सर्रास ‘रेशीम’ म्हणतो, ‘रेशमाच्या लड्या आण’ असं सांगतो. खरं रेशीम म्हणजे कोषातला जीव आत असतानाच कोष उकळत्या पाण्यात टाकून काढलेला धागा. एका साडीला असे हजारो कोष लागतात. जुन्या काळी पूजेत रेशीम शुद्ध मानलं जाई आणि आपल्यातही ते वापरात होतं. पुढे त्यावर विचार होत गेला आणि कित्येक घरांनी ते सोडलं. मग आपल्या लडीला ती चमक कुठून आली? इंग्लंडच्या जॉन मर्सर यांनी कापसाला कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया देऊन पाहिली आणि 1850 साली तिचं पेटंट घेतलं. 1890 च्या सुमारास होरेस लो यांनी तीच प्रक्रिया सूत ताणून धरून केली आणि साध्या कापसाला रेशमाची झळाळी आली. आपल्या शिवणाच्या डब्यातलं बहुतेक ‘रेशीम’ हे असं मर्सराइज केलेलं सूत आहे. या लोकांनी हे धंद्यासाठी केलं, अहिंसेसाठी नव्हे. पण त्यामुळे एका श्राविकेला जीव न घेता चमकदार फूल भरता आलं, हेही तितकंच खरं. तरी लडीवरचं लेबल वाचून घ्यावं, कारण खऱ्या रेशमाच्या लड्याही मिळतात.

चौथी गोष्ट यंत्राची. सिंगर कंपनीची मशीन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत भारतात आली, 1930 च्या दशकात कोलकात्यात उषा मशीनही तयार होऊ लागली. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनीही 1924 सालच्या एका संवादात शिलाई मशीनला अपवाद केला, कारण त्यांच्या मते ती बायकोचे कष्ट पाहून सुचलेली होती. या मशीनने घरातल्या बाईच्या हाती कमाईचं साधन दिलं. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनात, 1909 पासून, बायकांना शिवण शिकवलं जाई. आपल्या समाजात दानवीर माणिकचंद शेठजींच्या कन्या मगनबाई, स्वतः तरुण वयात विधवा झालेल्या, यांनी श्राविकाश्रम काढून विधवा आणि निराधार बायकांना शिक्षणाची वाट करून दिली. अभ्रा हा शिवणातला पहिला धडा असतो, कारण सगळ्या शिवणी सरळ. पण त्या सरळ शिवणीवरून पुढे जाऊन कितीतरी बायका आपल्या पायावर उभ्या राहिल्या.

नक्षीचाही असाच इतिहास. बेळगाव-धारवाडच्या बाजूची कसुती मोजून भरायची, गाठ न मारता, आणि गवंती टाका असा की दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात. आमच्या सीमाभागात ती मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत आहे. पुढे शाळेतल्या शिवणाच्या तासाला दोसुती आणि उलट्या फुलीचा टाका आला, आणि उशांवर गुलाब, राघू-मैना आणि ‘स्वीट ड्रीम्स’ उमटलं. आमच्या घरी मात्र दोन नियम आहेत. स्वस्तिक, कलश, अष्टमंगलातलं कोणतंही चिन्ह अभ्र्यावर भरायचं नाही, कारण उशी डोक्याखाली तशी पायाखालीही जाते. आणि मोर, हत्ती भरला तर त्यावरून कात्री किंवा शिवण जाऊ द्यायची नाही. पिठाचा कोंबडा मारून यशोधर राजाला किती जन्म भोगावे लागले, ती कथा ऐकलेल्या घरात हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

आता प्रत्यक्ष शिवण. 17 बाय 27 इंचांच्या उशीसाठी 36 पन्न्याचं सुती कापड पावणेदोन वार, म्हणजे 63 इंच घ्या. आधी ते गाळलेल्या कोमट पाण्यात भिजवून धुवा, खळ निघते आणि कापड आटायचं तेवढं आटतं. आटल्यावर माप कमी भरू नये म्हणून दोन-तीन इंच जास्तच घ्यावं. मग पन्ना मधोमध उभा कापा. 18 बाय 63 च्या दोन पट्ट्या होतात, दोन अभ्रे, चिंधीसुद्धा उरत नाही. पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक इंच दुमडून शिवा. उरतात 61 इंच: 27 दर्शनी बाजू, 27 पाठ आणि 7 झाकण. दर्शनी बाजू मधे ठेवायची, एका टोकाला पाठ, दुसऱ्या टोकाला झाकण. नक्षी दर्शनी भागावर, कडेपासून दोन इंच आत, आणि शिवण्याआधीच भरून घ्या. मग कापडाची सुलट बाजू वर ठेवून आधी पाठ दर्शनी बाजूवर दुमडा, त्यावर झाकण दुमडा, आणि दोन्ही लांब कडा अर्धा इंच सोडून शिवा. क्रम हाच: आधी पाठ, मग झाकण. उलटवलं की झाकण आपोआप आत जातं. बटण नको, नाडी नको.

आता रेशमी आणि सॅटिनच्या अभ्र्यांच्या जाहिराती येतात, केसांसाठी चांगले म्हणून. सॅटिन ही विणीची जात आहे. ते सुताचंही असतं, पॉलिस्टरचंही आणि रेशमाचंही. म्हणून नावावर न जाता, ‘कशाचं?’ हे विचारायलाच हवं. आपल्या आज्या-पणज्यांनी चरबीबद्दल विचारला तोच प्रश्न आहे हा.

आणि ‘किती’ या प्रश्नाचं उत्तर? आमच्याकडे एका उशीला दोन अभ्रे, एक वापरात आणि एक धुण्यात. नवा शिवला की जुना फडकं म्हणून पुसायला जातो, कपाटात तिसरा राहत नाही. नक्षी भरण्यात मोह आहे, हे मी नाकारत नाही. मुनींनी हाताची उशी केली, आपल्याला अजून कापसाची लागते. तोवर ती मोजलेली असावी, तिच्यासाठी कोणाचा जीव गेलेला नसावा, आणि तिच्यावरचं फूल आपण स्वतः भरलेलं असावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

जय जिनेंद्र.