बंबाचे तोंड

नरकचतुर्दशीची पहाट म्हटली की आमच्या बाळकुमच्या घराची मागची पडवी डोळ्यांपुढे उभी राहते. चिंचेने घासून लख्ख केलेला तांब्याचा बंब, त्याच्या पोटातले निखारे, आणि अंगाला तेल चोपडून नंबराची वाट पाहणारी आम्ही पोरे!

'बंब' या शब्दाचे मूळ अभ्यासक पोर्तुगीज 'बोंबा'त, म्हणजे पाण्याच्या पंपात, दाखवतात. ठाणे १७३७ सालापर्यंत पोर्तुगीजांकडे होते. तेव्हा आमच्या खाडीकाठाला हा पाहुणा परका वाटण्याचे कारण नाही. मराठीत मात्र त्याने दोन संसार थाटले. एक बंब आग विझवतो, दुसरा ती पोटात बाळगतो.

आमच्या बंबाची रचना साधी होती. मधोमध निखाऱ्यांची उभी नळी, भोवती पाणी. नसराळ्यातून ओतलेले गार पाणी थेट तळाशी जाई आणि वरचे कढत पाणी तोटीतून बाहेर पडे. गरम पाणी हलके म्हणून वर, गार जड म्हणून खाली, एवढेच त्यातले शास्त्र.

याच शास्त्रावर थंड मुलुखांत घरेच्या घरे उबदार झाली. फ्रान्समध्ये १७७७ च्या सुमारास बोनेमँ नावाच्या गृहस्थाने नळ्यांतून गरम पाणी खेळवले, तेही कोंबडीची अंडी उबवण्यासाठी! पुढे १८३१ साली इंग्लंडमध्ये पर्किन्सने बारीक लोखंडी नळ्यांत दाबाखाली पाणी फिरवण्याचे पेटंट घेतले, आणि १८५० नंतरच्या दशकात सेंट पीटर्सबर्गच्या सान गाली या कारखानदाराने भिंतीलगत ठेवायचे रेडिएटर बनवले. माणसाच्या आधी पिलांना ऊब मिळाली, ही गोष्ट मला मोठी गोड वाटते.

माझा भाचा इंग्लंडात राहतो. त्याच्या घरी एकच बॉयलर तीन कामे करतो. रेडिएटरांना सत्तर-ऐंशी अंशांचे पाणी लागते. फरशीखालच्या नळ्यांना पस्तीस ते पंचेचाळीस अंश पुरतात, म्हणून तिथे परतीचे निवलेले पाणी मिसळून मग सोडतात. या दोन्ही वाटांचे पाणी घरभर फिरून पुन्हा बॉयलरकडे येते. आंघोळीचे पाणी मात्र वेगळ्या टाकीत. तिच्या आतल्या वेटोळ्यातून बॉयलरचे पाणी फक्त उष्णता देऊन जाते, मिसळत नाही. सोवळेच म्हणा ना!

हे ऐकताना मला एकच प्रश्न सुचला. त्याचे कारण जुने आहे.

मी दहा वर्षांचा असेन. बंबाचे पाणी अधिक कढत व्हावे म्हणून मी तोटीत चिंधी कोंबली, नसराळ्यावर झाकण घातले आणि वर पाटा ठेवला. थोड्या वेळाने बंब घुमू लागला. आजी धावत आली. मला मागे लोटून तिने काठीने पाटा उडवला, आणि कढत पाण्याचा फवारा तिच्या मनगटावर आला. मला एक थप्पड बसली. ती एवढेच म्हणाली, "मेल्या, बंबाचं तोंड कधी बांधू नये!" तो डाग तिच्या हातावर अखेरपर्यंत होता.

पुढे शाळेत शिकवू लागल्यावर आजीचे शास्त्र उमगले. चार अंशांचे शंभर लिटर पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापवले की त्याचे जवळजवळ एकशे तीन लिटर होते. त्या तीन लिटरांना जागा हवी. आणि पाण्याची वाफ होऊ लागली, तर तिला वाट हवीच हवी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, ती वाफेला कोंडूनच; पण त्या कोंडण्याला झडपेची सुटका होती. अशी सुटका नसलेल्या बॉयलरांनी जगभर माणसे मारली, तेव्हा कायदे झाले; हिंदुस्थानात १९२३ साली.

म्हणून मी भाच्याला विचारले, "बाबा रे, फुगलेलं पाणी जातं कुठे?"

त्याने फोन फिरवून एक लाल टाकी दाखवली. फुगलेले पाणी तिच्यात शिरते. दाब त्यापलीकडे गेलाच तर झडप उघडते आणि पाणी भिंतीबाहेरच्या नळीने निघून जाते.

"म्हणजे तोंड उघडं आहे," मी म्हणालो.

त्याला माझे बोलणे कळले नाही. मग आजीच्या मनगटाची गोष्ट सांगितली. या दिवाळीत त्याने आपल्या मुलीला ती लाल टाकी दाखवून तीच गोष्ट सांगितली म्हणे.