अण्णांचा सोमवार

गेल्या महिन्यात भाच्याकडे तिरुपूरला जाऊन आले. तो तिथे होजिअरीच्या एका कारखान्यात विणाईचे काम पाहतो. "मावशी, आमची मशीनं तरी बघून जा," म्हणाला, म्हणून गेले. मोठे गोल यंत्र. बाजूच्या चौकटीत सुताचे कोन रचून ठेवलेले. सूत नळ्यांतून वर येते, एकेका फीडरवरून जाते आणि सुयांपर्यंत पोहोचते. फीडर म्हणजे ठरावीक वेगाने, ठरावीक ताणाने सूत पुरवणारी फिरती चकती. त्या फीडरांच्या वर छोटे पंखे सावकाश गोल फिरत होते. मला वाटले, उकाड्यासाठी असतील. भाचा हसला. "नाही मावशी, ते माणसांसाठी नाहीत, सुतासाठी आहेत."

मग त्याने नीट समजावले. सुती धागा कुठेही घासला की बारीक तूस सोडतो. ते फीडरवर, सूत ओवायच्या भोकांत, सुयांवर साचत जाते. साचलेला पुंजका धाग्याबरोबर आत गेला की कापडात गाठ येते, नाहीतर सूत तुटून भोक पडते. म्हणून पंख्याने तूस बसूच द्यायचे नाही. कोनांची चौकट बंदिस्त ठेवायची, सूत नळीतून न्यायचे, म्हणजे शेजारच्या यंत्राचे तूसही लागत नाही.

परतीच्या गाडीत त्याचे ते वाक्य काही डोक्यातून जाईना. माणसांसाठी नाहीत, सुतासाठी आहेत.

आमचे अण्णा लालबागच्या एका गिरणीत होते. आधी कार्डिंगला, नंतर त्रासन खात्यात. (लहानपणी मला वाटे, त्रास होतो म्हणून त्रासन. पुढे कळले की थ्रॉसल या सूत काढण्याच्या जुन्या यंत्राच्या नावाचा तो अपभ्रंश.) पाळी संपवून ते चाळीच्या जिन्यात दिसले की भुवया, कान, मनगटावरचे केस सगळे पांढरे. आम्ही बहिणी "म्हातारा आला" म्हणून टाळ्या पिटायचो. आई दारातच टॉवेलने त्यांना झटकायची.

अण्णांची छाती भरायची ती सोमवारी. सोमवारी संध्याकाळी पाळीवरून आले की खाटेवर बसून राहायचे, बोलायचे नाहीत. मंगळवारी जरा बरे. शनिवारपर्यंत जवळजवळ ठीक. रविवार आनंदात. पुन्हा सोमवार. आईने सरळ हिशेब मांडला होता, रविवारचे खाणे बाधते. आधी बांगडे बंद झाले, मग ताक, मग मित्रांबरोबर बसणे. तिला दारूचाही संशय होता. अण्णा शपथा घ्यायचे. मी बी.ए. करत होते, म्हणून मीही शहाणपणाने सांगायचे, "अण्णा, बिडी सोडा, सगळे त्या बिडीने होते." गिरणीच्या दवाखान्यातून लाल औषधाची बाटली यायची.

निवृत्त झाल्यावर एका पुस्तकात बिसिनोसिस हा शब्द वाचला आणि पुस्तक मिटून बसून राहिले. कापसाच्या धुळीने होणारा हा छातीचा विकार. सुरुवातीची खूण एकच : सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. आठवडाभर शरीर धुळीला सरावते, सुट्टीत तो सराव मोडतो आणि पुढचा सोमवार पुन्हा झोडपतो. पुढे पुढे तो त्रास सगळ्या आठवड्याचा होऊन बसतो. अगदी आमच्या घरातला हिशेब. फक्त आम्ही दोष रविवारला दिला होता.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते. वाटले होते, हे ज्ञान नवे असेल. पण इटलीच्या रामाझिनीने १७०० सालीच अंबाडी-जवसाचे तंतू विंचरणाऱ्यांच्या खोकल्याविषयी लिहिले होते. १८६३ मध्ये जेसी लीच या डॉक्टरने लँकेशायरच्या कामगारांबद्दल लिहिले. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस बंद, म्हणून तिकडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापूस वापरत होत्या. त्याला ते 'सुरत' म्हणत. आपल्या कापसाच्या कचऱ्याने लँकेशायर खोकत होते! बिसिनोसिस हे नाव १८७७ मध्ये आद्रियाँ प्रूस्त यांनी दिले, प्रसिद्ध कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांचे वडील. ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकात भरपाईची योजना आली आणि १९५० च्या दशकात डॉ. शिलिंग यांनी सोमवारच्या छातीवरूनच या रोगाच्या पायऱ्या ठरवल्या.

म्हणजे अण्णा खाटेवर बसत होते, तेव्हा जगात हे माहीत होते.

आणि सुताची काळजी? ती पहिल्यापासून होती. कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून खिडक्या बंद आणि हवा दमट. लँकेशायरमध्ये इतकी वाफ सोडत की १८८९ मध्ये ओलाव्यावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. नळीने दाबाची हवा मारून यंत्रे फुंकायची. यंत्र लख्ख, तूस मात्र हवेत. पुढे साच्यांवरून रुळावर फिरणारे ब्लोअर आले. जे तूस धाग्यात शिरे ते कापडात दिसे, त्याचा दंड होई. छातीत शिरे ते दिसत नव्हते.

अमेरिकेने १९७८ मध्ये सूतकताईच्या खात्यांसाठी मर्यादा घातली, एक घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम धूळ. दुसरा उपाय शक्य असेल तर दाबाच्या हवेने झाडायचे नाही, हेही त्यात लिहिले. कारखानदार कोर्टात गेले. खर्च आणि फायदा तोलून पाहा, हे म्हणणे १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानले नाही. आपल्याकडे केईएमच्या डॉ. एस. आर. कामतांनी मुंबईच्या गिरण्यांत हा रोग अभ्यासला. आपल्या भरपाईच्या कायद्याच्या यादीतही तो आहे. पण १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, गिरण्या संपल्या आणि कामगार खोकला घेऊन गावी गेले.

आमचे अण्णा त्याआधीच राजीनामा देऊन कोकणात गेले होते. बिडीने भर घातली असेल, नाही म्हणत नाही. पण त्यांनी कधी भरपाई मागितली नाही, कारण हा आजार कामाचा आहे हे आम्हा कुणालाच माहीत नव्हते. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्याने १८९० च्या १० जूनला गिरणी कामगारांना रविवार मिळाला. तो मिळालेला रविवारही आम्ही अण्णांकडून काढून घेतला. बांगड्यांसकट.

तिरुपूरला निघताना मी भाच्याला विचारले, "हे उडवलेले तूस जाते कुठे?" त्याने जमिनीलगतची ओढून घेणारी जाळी दाखवली, तिच्यामागे गाळणी आहे म्हणाला. बरे वाटले. मग भिंतीवर खिळ्याला अडकवलेला मास्क दिसला. "देतो आम्ही, पण उकाड्यात कोण लावतं?"

मी त्याला एवढेच सांगितले, बाबा, तुझ्या माणसांना सोमवारी विचारत जा, छाती कशी आहे. बुधवारी विचारून उपयोग नाही.