शरीरांतील यंत्र आणि त्याची किल्ली

दर्यापूर-बनोशाच्या लोकांस 'शकुंतला' गाडीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. मूर्तिजापूर ते अचलपूर ही अरुंद रुळांची वाट याच गांवावरून जात असे. देश स्वतंत्र झाला, बहुतेक रेल्वे सरकारच्या ताब्यांत आल्या; परंतु या रुळांची मालकी पुढें कित्येक दशकें खाजगी कंपनीच्याच हातीं राहिली. वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत धांवलें, रूळ झिजत गेले आणि अखेर गाडी थांबली. गरज एकाची आणि मालकी दुसऱ्याची असली म्हणजे काय होतें, हें वऱ्हाडानें असें पाहिलें आहे. तीच गोष्ट मनुष्याच्या मज्जातंतूंशीं जोडलेल्या यंत्राच्या बाबतींत घडली तर? हा प्रश्न आतां केवळ कल्पनेंतला राहिलेला नाहीं.

अशा यंत्रांचा इतिहास पॅरिस येथें सुरू होतो. १९५७ च्या फेब्रुवारींत आंद्रे जूर्नो हे शास्त्रज्ञ आणि शार्ल एरिए हे शल्यवैद्य यांनीं दोन्ही कानांनीं पूर्ण बहिऱ्या झालेल्या एका गृहस्थाच्या कानांत तारेचें वेटोळें बसवून श्रवणाच्या मज्जातंतूस विद्युत्प्रवाह दिला. त्यास आवाजाची लय कळूं लागली, थोडे शब्दही ओळखतां आले. यंत्र दोनदां तुटलें; तिसऱ्यांदा शस्त्रक्रिया करण्यास एरिए तयार झाले नाहींत. आपली विद्या एखाद्या कारखान्याच्या दावणीला बांधण्यास जूर्नो राजी नव्हते. आणि पैशाअभावीं तो प्रयोग तेथेंच खुंटला.

परंतु जें प्रसिद्ध झालें होतें तें मेलें नाहीं. त्याची वार्ता एका रोग्यामार्फत अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथील डॉक्टर विल्यम हाउस यांच्या हातीं पडली, आणि १९६१ मध्यें त्यांनीं स्वतः तसाच प्रयोग केला. त्या काळच्या अनेक तज्ज्ञांनीं त्यांस वेड्यांत काढलें. तरीही ते चिकटून राहिले. आणि इतर संशोधकांची वाट अडूं नये म्हणून आपल्या शोधांचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. ज्या विद्येवर आज लाखों माणसें ऐकतात, तिच्या पायांत ही उदारता आहे.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एका इलेक्ट्रोडच्या जागीं अनेक इलेक्ट्रोड असलेलें यंत्र १९७८ मध्यें मेलबोर्न येथें ग्रेम क्लार्क यांनीं बसविलें. पण तें घरोघर पोंचलें तें कारखानदारीच्या बळावर. शरीरांतील ओलावा आंत शिरूं न देणारें आवरण करणें, वर्षानुवर्षें चांचण्या घेणें, हें केवळ सद्भावनेनें होत नाहीं. पॅरिसचा प्रयोग खुंटला, तो याच साधनांच्या अभावीं. कारखाना नको, असें आमचें म्हणणें नाहीं. कारखाना बुडाल्यावर रोग्यानें काय करावें, एवढेंच आमचें विचारणें आहे.

याचें उत्तर किती कटु असूं शकतें, हें अमेरिकेंतील 'सेकंड साइट' कंपनीनें दाखविलें. तिचें 'आर्गस २' हें अंधांच्या नेत्रपटलावर बसविण्याचें यंत्र २०११ मध्यें युरोपांत व २०१३ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें आणि साडेतीनशेंहून अधिक लोकांनीं तें डोळ्यांत धारण केलें. २०१९ मध्यें कंपनीनें तें बनविणें सोडलें. पुढल्याच वर्षीं ती दिवाळखोरीच्या कांठावर आली. यंत्र बिघडलें तर दुरुस्त करणारा कोणी उरला नाहीं, आणि त्याचे आराखडे दुसऱ्या कोणाजवळ नव्हते.

हें सारें दूरचें वाटेल, पण तें नाहीं. २०१४ पासून केंद्र सरकारच्या 'ॲडिप' योजनेंत गरीब घरच्या बहिऱ्या मुलांस कॉक्लिअर इम्प्लांटसाठीं सहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळूं लागलें, आणि मुंबईच्या अली यावर जंग संस्थेकडे त्या कामाची व्यवस्था सोपविली गेली. कानामागें लावावयाचा बाहेरचा भाग कांहीं वर्षांनीं बदलावा लागतो, आंतला मात्र जन्मभरासाठीं असतो. आणि एका कंपनीचा बाहेरचा भाग दुसरीच्या आंतल्या भागास लागत नाहीं. दर्यापूर तालुक्यांतील एखाद्या मुलाच्या कानांत आज असें यंत्र बसलें, तर त्याचें पुढचें सारें ऐकणें त्या एका कंपनीच्या आयुष्याशीं जखडलें जातें.

म्हणून ज्यांनीं आपले आराखडे सर्वांस खुले केले, त्यांच्या उद्योगाकडे आम्ही आशेनें पाहतों. अमेरिकेंतील दोन तरुण संशोधकांनीं २०११ च्या सुमारास सुरू केलेल्या 'ओपन इफिज' या उपक्रमांत प्राण्यांच्या मेंदूंतील विद्युत्संकेत टिपणाऱ्या उपकरणांचे नकाशे कोणासही मिळतात. आणि ज्यास दोष सांपडतो तो सुधारणा करून तीही सर्वांपुढें ठेवतो. मनुष्याच्या देहांत बसणाऱ्या यंत्रास यापेक्षां कितीतरी कडक नियम हवेत, हें उघड आहे. नकाशा खुला असणें म्हणजे कोणीही उठून शस्त्र चालवावें असें नव्हे. परंतु कंपनी बंद झाल्यास आराखडे त्रयस्थ संस्थेच्या हातीं यावेत आणि जोडण्या एकाच मापाच्या असाव्यात, एवढी अट सरकारी पैशानें यंत्र विकत घेतांना घालतां येईल. अमरावती-अकोल्याच्या वैद्यक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील तरुणांनीं असे खुले आराखडे अभ्यासावयास घेतले, तर उद्यां एखाद्या मुलाचें बिघडलेलें यंत्र पाहण्यास जवळपास कोणी जाणता माणूस तरी असेल.