तिखटाच्या डब्याची गोष्ट



दर रविवारी मी घरात एक नवा पदार्थ करून बघते. सासूबाई म्हणतात, "आपल्या चौक्यात असली थेरं कधी नव्हती."

खरंच नव्हती? तिखटाचा डबाच बघा. मिरची मूळची अमेरिका खंडातली, १६ व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. त्याआधी तिखट म्हणजे मिरी नि सुंठ. मका, पेरू, टोमॅटोही तिकडचेच. कुणा बाईनं पहिल्यांदा आमटीत मिरची टाकली, तेव्हा घरातल्यांनी नाकं मुरडलीच असतील!

बटाटाही तिकडूनच आला, पण कंदमूळ म्हणून आपल्या उंबऱ्याबाहेर राहिला. शेंगदाणा मातीखालीच धरतो, तरी ते बी, म्हणून बहुतेक घरांत तो चालला. म्हणजे आपल्या बायकांनी नवं नाकारलं नाही, निवडून घेतलं.

१९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं, वाटी-चमच्याच्या मापांचं. अशा पुस्तकांतल्या पाककृती आपल्याकडे करताना बटाट्याच्या जागी कच्ची केळी, कांदा-लसणाऐवजी हिंग.

गेल्या रविवारी मी केळ्याचे वडे केले. सासूबाईंनी सूर्यास्ताआधी तीन खाल्ले, आणि म्हणाल्या, "मिरची कमी पडली."