प्लेगनंतरचा रस्ता : प्रिन्सेस स्ट्रीट

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचा रुग्ण तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढील काही महिन्यांत शहरातून लाखो माणसे गावी निघून गेल्याने मुंबईचा व्यापार अक्षरशः ठप्प झाला. या हादऱ्यातूनच 1898 मध्ये ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ हे शहरसुधारणा मंडळ कायद्याने स्थापन झाले; दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि मोकळे झालेले भूखंड भाडेपट्ट्याने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कराराने, देणे ही त्याची मुख्य कामे होती. मरीन लाइन्सकडून काळबादेवीच्या दिशेने जाणारा प्रिन्सेस स्ट्रीट हे या मंडळाच्या पहिल्या योजनांपैकी एक फळ होय.

रस्त्याची दिशा विचारपूर्वक ठरवलेली होती. रोग कोंदट, दूषित हवेतून फैलावतो अशी त्या काळी अनेक अधिकाऱ्यांची समजूत असल्यामुळे, पश्चिमेकडील समुद्राचा वारा गजबजलेल्या वस्तीत थेट शिरावा, असा या आखणीचा हेतू होता. मरीन ड्राइव्ह तेव्हा अस्तित्वात नव्हता आणि रेल्वेमार्गापलीकडे लगेच समुद्र होता. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने त्याच 1898 मध्ये कराचीतील प्रयोगातून दाखवले होते. मात्र ते सर्वमान्य होण्यास काही वर्षे जावी लागली आणि तोवर घरे पडत राहिली. मंडळाने आरंभी जितक्यांना बेघर केले तितक्यांसाठी चाळी बांधल्या नाहीत, ही त्याच्या कारभारातील सर्वांत गंभीर उणीव मानावी लागते, कारण उठवलेले गरीब भाडेकरू शेजारच्याच वस्त्यांत दाटीवाटीने राहू लागले.

नोव्हेंबर 1905 मध्ये प्रिन्स आणि प्रिन्सेस ऑफ वेल्स मुंबईत आले, त्याच सुमारास आकाराला आलेल्या या रस्त्याला राजवधूच्या सन्मानार्थ नाव मिळाले. दुतर्फा खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे अशा इमारती उभ्या राहिल्या. येथील जुन्या व्यवसायांपैकी 1916 मध्ये नरिमन अर्देशीर यांनी सुरू केलेली पारसी डेअरी फार्म विशेष नोंद घेण्याजोगी आहे. दुधाच्या धंद्यातून वाढलेल्या या दुकानात पुढे वजनावर विकली जाणारी मलई कुल्फी आणि सुतरफेणी यांच्यासाठी गिऱ्हाइके लांबून येऊ लागली. मात्र रस्त्याची खरी ओळख ठरला तो औषधांचा घाऊक बाजार : अरुंद गाळे, छतापर्यंत रचलेली खोकी, बाहेर माल भरणाऱ्या हातगाड्या, आणि आजूबाजूला रसायने व शस्त्रक्रियेची उपकरणे विकणाऱ्या पेढ्या.

इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट 1933 मध्ये महापालिकेत विलीन झाला. स्वातंत्र्यानंतर या रस्त्याला जुनागढच्या आरझी हुकुमतीचे, म्हणजे हंगामी सरकारचे, नेते शामळदास गांधी यांचे नाव देण्यात आले. डॉ. व्हिएगस यांचा पुतळा तेथून जवळच, धोबी तलाव येथे उभा आहे. वस्ती पाडून उठवलेल्या कुटुंबांचे मात्र कोणतेही स्मारक या परिसरात नाही.