एएनएम-जीएनएम झाल्यावर पगार किती, हक्क कोणते?

बारावीचा निकाल लागला की शिरपूर भागातले पालक आम्हा शिक्षकांना हमखास विचारतात, “पोरीला नर्सिंगला टाकू का?” आम्ही म्हणतो, जरूर टाका, पण फी भरण्याआधी कागद बघा. पुढचा सगळा पगार त्या कागदावर ठरतो.

कोर्स आणि नोंदणी

एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा. दोन्हींना बारावी पास लागते. जीएनएमला किमान ४० टक्के गुण आणि इंग्रजी विषय पास हवा, म्हणून उर्दू माध्यमाच्या मुलींनी इंग्रजी कच्चं ठेवू नये. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते. सहा महिने-वर्षभराच्या ‘नर्सिंग असिस्टंट’सारख्या कोर्सवर ही नोंदणी मिळत नाही. आमची एक विद्यार्थिनी अशाच कोर्सला फसली. वर्ष गेलं, पैसे गेले, आणि हाती आयाबाईचं काम आलं.

सरकारी पगार

जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेची (एएनएम) सातव्या वेतन आयोगाची श्रेणी २५,५०० ते ८१,१०० रुपये आहे. सरकारी रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेची ३५,४०० ते १,१२,४०० रुपये. भत्ते वेगळे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी एएनएमला जाहिरातींत साधारण १८ हजार आणि स्टाफ नर्सला २० हजार मानधन दिसतं. काम मात्र तेच. सातपुड्याच्या बाजूला आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र धरलेलं असतं, आणि तिथली सिस्टर लसीकरणाला पाड्यापाड्यावर जाते.

खाजगी दवाखाने

इथं सगळ्यात जास्त ओढाताण आहे. सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. तिची शिफारस अशी: २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, १०० हून जास्त असतील तर सरकारी पगाराहून १० टक्क्यांपेक्षा जास्त कमी नको, ५० ते १०० खाटांना २५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी नको, ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २० हजार. केरळने २०१८ मध्ये २० हजारांचं किमान वेतन अधिसूचना काढून लागू केलं. पण नुसती शिफारस म्हणजे कायदा नव्हे, म्हणून लहान गावातल्या मुलींच्या हाती त्याहून फार कमी पडतं.

कायद्याने मिळणारं

- १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय; २० किंवा जास्त असतील तिथं पीएफ.
- पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा.
- १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती.
- रुग्णाच्या नातेवाइकांनी मारहाण केली तर २०१० च्या राज्य कायद्यानुसार गुन्हा. हा कायदा डॉक्टरांइतकाच नर्सलाही लागू आहे.

रुजू होण्याआधी

नेमणूकपत्र लेखी घ्या. पगार बँकेत जमा करायला सांगा. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. बाँड असेल तर घरी आणून वाचा, मगच सही करा. नाइट ड्यूटी या पेशात टळत नाही. म्हणून अब्बा-अम्मींनी “रात्री पाठवणार नाही” म्हणण्याऐवजी पाळी किती तासांची, जायची-यायची सोय काय, कपडे बदलायला खोली आहे का, हे स्वतः जाऊन विचारावं. मुलीच्या पाठीशी घरचं माणूस उभं दिसलं की समोरचाही नीट बोलतो, हा आमचा अनुभव आहे.